गडी वाटून घेताना

श्रोतेहो, आट्यापाट्यांचा डाव मांडण्यापूर्वी गडी कसे वाटून घेत, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. सारख्या ताकदीचे दोन गडी गळ्यात हात घालून दूर जात, गुपचूप नावे ठरवीत आणि परत येऊन 'चंद्र हवा की सूर्य?' असे विचारीत. पुढारी ज्याचे नाव घेई, तो गडी त्याचा. दैवाला वाव होता खरा. पण जोडी मुळातच तुल्यबळ असल्यामुळे अन्याय होत नसे.

माझा मुलगा संगणकावर 'काउंटर-स्ट्राइक' हा नेमबाजीचा खेळ खेळतो. पाचांविरुद्ध पाच असा तो सामना. सोबत्यांपैकी कोणाचे तोंडही त्याने पाहिलेले नसते. मग येथे गडी वाटतो कोण? वाटते ते गणित, आणि त्याचे मूळ बुद्धिबळात आहे.

हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक अर्पाड एलो यांनी खेळाडूचे बळ एका आकड्यात मांडण्याची पद्धती बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली व जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. दोघांत २०० गुणांचे अंतर असेल, तर वरचढाने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी तिची अपेक्षा. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संघांच्या खेळासाठी 'ट्रूस्किल' ही पद्धती रचली. तिच्यात प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात: एक त्याच्या कौशल्याचा अंदाज, दुसरा त्या अंदाजातील अनिश्चितता. नवख्याची अनिश्चितता मोठी, म्हणून त्याचा अंदाज लवकर बदलतो. संघाचे बळ म्हणजे घटकांची बेरीज.

पण बेरीज सारखी झाली म्हणजे संघ सारखे झाले काय? एकीकडे एक निष्णात व चार नवखे, दुसरीकडे पाच मध्यम. बेरीज जुळते, सामना जुळत नाही. अगदी नेमकी जोडी शोधू गेले, तर खेळाडू ताटकळतात. घाई केली, तर जोडी विजोड होते.

हे ऐकताना मी मनात थोडा खजील झालो. एकदा दोन शाखांना मनुष्यबळ वाटून देण्याचे काम मजकडे होते. पदे मोजली, तक्ता जुळविला, स्वाक्षरी केली. एका शाखेत सारे नवखेच गेले, हे मला सहा महिन्यांनी, कामे तुंबल्यावर कळले. तक्ता मात्र निर्दोष होता!

परवा सलग चार डाव हरल्यावर मुलगा एका नवख्या सोबत्यावर चिडून ओरडला. मी त्याला आमच्या गल्लीतल्या 'कच्च्या लिंबा'ची गोष्ट सांगितली. धाकटे भावंड खेळायला आले, की त्याला बाद न करता खेळवीत. तेवढ्यात ते खेळ शिकून जाई. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या डावात मात्र तो त्याच सोबत्याला कोठे उभे राहावे, हे हलक्या आवाजात सांगत होता. तोही डाव ते हरलेच. पण या वेळी दोघे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत होते.

श्रोतेहो, दोन बाजू समतोल करणे गणिताला पुष्कळसे साधते. बाजूतल्या पाचांचा एक संघ करणे हे अजून त्या पाचांकडेच आहे.