न मिळालेली पदवी

मेरी व्हिटन कॅल्किन्स (१८६३–१९३०) या अमेरिकन विदुषी वेल्सली येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत प्रथम ग्रीक भाषा शिकवीत. तेथेंच १८९१ सालीं त्यांनीं मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभारली.

उच्च अध्ययनासाठीं त्या हार्वर्ड विद्यापीठांत जात. परंतु तेथें त्यांना विद्यार्थिनी म्हणून नव्हे, पाहुण्या म्हणूनच बसूं दिलें जाई. रंग व अंक यांच्या जोड्या दाखवून, मागाहून नुसता रंग पाहतांच अंक कितपत आठवतो, हें त्यांनीं प्रयोगानें तपासलें. ठसठशीतपणा किंवा ताजेपणा यांपेक्षां आवृत्तीच स्मरणास अधिक साह्य करते, असें त्यांना आढळलें. अध्यापकांनीं १८९५ सालीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांना डॉक्टरेटला पात्र ठरविलें. केवळ स्त्री म्हणून विद्यापीठानें पदवी नाकारली.

पुढें १९०२ सालीं रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची पदवी त्यांस देऊं करण्यांत आली. अध्ययन हार्वर्डमध्यें झालें असतां दुसऱ्या संस्थेची पदवी स्वीकारणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं. १९०५ सालीं अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. हार्वर्डची पदवी मात्र त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाहीं. परीक्षेंत त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. अनुत्तीर्ण झालें तें विद्यापीठ.