डिग्री बारावीनंतर, पण निर्णय अकरावीच्या फॉर्मवर

राळेगावहून बोलतोय. आज दहावी ते बारावीतल्या पोरापोरींशी गप्पा. विषय एकच: डिग्री कोणती घ्यायची?

आपल्याकडे हा प्रश्न बारावीचा निकाल लागल्यावर निघतो. टक्के कळले की काका, मामा, शेजारी, सगळे सल्ला द्यायला हजर! पण खरं सांगू का, तोवर अर्धा निर्णय झालेला असतो. तो होतो अकरावीच्या फॉर्मवर, विषय निवडताना.

बघा कसं. सायन्सला ए ग्रुप म्हणजे मॅथ्स, बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच. एमबीबीएस, बीएएमएस, बीएस्सी नर्सिंगला बायोलॉजी लागतंच. म्हणजे एक विषय सोडला की एक दार बंद. बी फार्मसी आणि बीएस्सी अॅग्रीचं मात्र तसं नाही, तिथे दोन्ही ग्रुपची पोरं जातात. ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, त्याने एबी ग्रुपचा, म्हणजे दोन्ही विषय घेण्याचा विचार करावा. अभ्यास वाढतो, हे खरं. पण दोन वर्षं विचार करायला मिळतात.

आता आर्ट्‌स-कॉमर्सवाल्यांनो, तोंड पाडू नका. पाच वर्षांच्या लॉसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, फक्त सीईटी द्यावी लागते. सीए फाउंडेशनलाही शाखेची अट नाही. आणि एमपीएससी, यूपीएससीला पदवी लागते, ती बहुतेक पदांसाठी कोणतीही चालते. म्हणून ‘आर्ट्‌स घेतलं म्हणजे संपलं’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. फक्त एक ध्यानात ठेवा: सायन्सवरून आर्ट्‌सला येता येतं, आर्ट्‌सवरून इंजिनिअरिंगला जाता येत नाही.

आणखी एक वाट आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. मधेच कामाला लागायचं झालं तरी हातात डिप्लोमा असतो. ज्या घरात लवकर कमावणं गरजेचं आहे, तिथे ही वाट नीट समजून घ्या.

आता पैशाचं बोलू. यावर कोणी बोलत नाही. आपला तालुका कापसाचा. जूनमध्ये घरातला पैसा बियाणं आणि खतात जातो. कॅप राउंड लागतात, फी भरायची वेळ येते, ती नेमकी त्याच पावसाळ्यात. अन्‌ कापूस घरात येतो दसरा-दिवाळीच्या पुढे! मग बाप सावकाराकडे जातो, नाहीतर पोरगी घरी बसते. काहून? वेळ जुळली नाही म्हणून.

मुलींनो, हे नीट ऐका. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. मेस आणि खोलीभाड्याचा खर्च त्यात धरू नका, तो वेगळा मोजा. एससी, एसटी आणि इतरांच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर आहेत, त्या आजच बघून ठेवा.

आणि कागद! उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमीलेअर आणि सगळ्यात मोठी जात पडताळणी. ओबीसींना १९६७ च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांच्या शाळेचा दाखला कोणत्या पेटीत आहे, हे ऐन प्रवेशाच्या घाईत शोधू नका. अकरावीच्या दिवाळीतच पेटी उघडा. मार्क चांगले असूनही कागदापायी सीट गेली, यापेक्षा वाईट काय?

मग निवड कशी करायची? मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. एक, या डिग्रीत रोज काय शिकवतात? विद्यापीठाच्या वेबसाइटवर सिलॅबस असतो, पहिल्या वर्षाचा तरी वाचा. दोन, हीच डिग्री करणारा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा कोणी भेटतो का? यवतमाळला, अमरावतीला, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आपल्या गावचं कोणी ना कोणी असतंच. त्याला कॉलेजच्या जाहिरातीबद्दल नाही, मंगळवारी दिवसभर काय केलं ते विचारा. तीन, शेवटच्या वर्षापर्यंतचा एकूण खर्च किती? पहिल्या वर्षाची फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे.

ही तीन उत्तरं वहीत लिहा आणि घरी जेवण झाल्यावर बाबांना, आईला वाचून दाखवा. नुसतं ‘मला हेच करायचं’ म्हटलं की भांडण होतं. आकडे समोर ठेवले की बोलणं होतं. बाबा ‘नाही’ म्हणाले तरी ते कशाला नाही म्हणतायत, विषयाला, शहराला की खर्चाला, हे तरी कळतं. अन्‌ कळलं की त्यावर काही करता येतं.

सीईटीत अकरावीचाही अभ्यासक्रम येतो, म्हणून ‘अकरावी म्हणजे आराम’ हे डोक्यातून काढा. तुमच्या कॉलेजात कोणते ग्रुप आहेत आणि तुमचं कुठे अडलंय, ते मला व्हॉइस मेसेजवर सांगा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटू!