शिकाऊ हातांची जबाबदारी



औद्योगिक सुरक्षेच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने सगळ्याच विषयांना स्पर्श करावा असा रिवाज आहे. पण आग, रसायने, उंचीवरची कामे, विजेचे धोके यांवर पुढच्या सत्रांत माझ्यापेक्षा जाणकार मंडळी बोलणार आहेत. म्हणून तो रिवाज बाजूला ठेवून मी एकच प्रश्न घेतो. काम शिकायला आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी नेमकी कोणाची?

आपल्या नाशिकची ओळख गोदावरी, कुंभमेळा आणि द्राक्षे अशी सांगितली जाते. पण जवळजवळ शंभर वर्षे हा जिल्हा कारखान्यांवरही जगतो आहे. १९२० च्या दशकात नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि नोटांचा छापखाना आला. १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला. सातपूरची एमआयडीसीही त्याच दशकातली. मग अंबड, सिन्नरजवळचे माळेगाव आणि मुसळगाव, गोंदे, दिंडोरी. शेतकरी घरांतली पगारदारांची पहिली पिढी या वसाहतींनीच घडवली. त्या काळी मोठ्या कारखान्यात नव्या मुलाला आधी बेंचवर उभे करून फाईल मारायला लावत. मशीनला हात लावायची परवानगी त्यानंतर मिळे. मुले कंटाळत, पण हाताला वळण लागे.

आज मोठ्या कंपनीचे काम फुटून छोट्या गाळ्यांत पोहोचले आहे, आणि त्याच्याबरोबर शिकणाराही. तो किती दारांनी आत येतो, हे पाहण्यासारखे आहे. एक जण १९६१ च्या प्रशिक्षणार्थी कायद्याखाली अॅप्रेंटिस म्हणून येतो. दुसरा २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून येतो. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ हजार, पदवीला दहा हजार रुपये विद्यावेतन. तिसरा ‘कमवा आणि शिका’ योजनेतला, चौथी इंजिनिअरिंग कॉलेजची इंटर्न, आणि पाचवा ठेकेदाराने काल संध्याकाळी फोन करून बोलावलेला हेल्पर. मशीन एकच, गेटपास पाच प्रकारचे. अपघात झाला की आधी गेटपास पाहिला जातो आणि मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते, मुलगा ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मशीन कंपनीचे. संस्था म्हणते, आम्ही फक्त पाठवले.

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. विहिरीत पोरगा उतरायचा तेव्हा त्याच्या पाठीला तरंगण्यासाठी सुकड बांधलेली असे आणि काठावर काका उभा असे, हे सांगायचे मात्र राहून जाते. कारखान्यात आपण सुकडही काढली आणि काकालाही दुसऱ्या लाइनवर पाठवले.

पॉवर प्रेस घ्या. वर पंच, खाली डाय, मध्ये पत्र्याचा तुकडा. तुकडा ठेवायचा, हात मागे घ्यायचे, स्ट्रोक द्यायचा, तयार नग काढायचा, की पुन्हा तुकडा. सुरक्षित प्रेसवर दोन बटणे एकमेकांपासून लांब असतात आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय पंच खाली येत नाही. त्यामुळे स्ट्रोकच्या क्षणी दोन्ही हात डायच्या बाहेर असतातच. पण पाळीचे टार्गेट गाठायचे म्हणून कुणीतरी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो, नाहीतर बटणांच्या जागी पेडल जोडतो. सराईत ऑपरेटर तशा प्रेसवरही वर्षे काढतो, कारण त्याच्या हाताला लय ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी तिथे नवा मुलगा उभा राहतो. नग अडकतो, तो बोटांनी काढायला जातो, आणि पाय पेडलवरच असतो. चौकशीच्या कागदावर मग ठरलेले वाक्य येते: कामगाराचा निष्काळजीपणा. चिकटपट्टी कोणी लावली आणि ती कोणाच्या डोळ्यांदेखत राहिली, याला त्या छापील फॉर्ममध्ये रकानाच नसतो.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे खास. द्राक्षांचा हंगाम आला की वायनरीत हंगामी माणसे लागतात. रस आंबताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, आणि हवेपेक्षा तो दीडपट जड असल्याने टाकीच्या तळाशी साचून राहतो. टाकी रिकामी दिसते, म्हणून साली आणि बिया काढायला माणूस आत उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. बंदिस्त जागेतल्या अपघातांचा हा जगभरचा नमुना आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ ने यावरचा उपाय स्पष्ट लिहून ठेवला होता. जाणकाराने हवा तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर आत जाणाऱ्याने श्वसनाचे साधन लावावे, कमरेला पट्टा बांधावा आणि त्याच्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. हंगामी माणसाला हे कलम कोणी वाचून दाखवले आहे का, हा माझा प्रश्न आहे.

कायदा नाही म्हणून आपण अडलो आहोत, असे नाही. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती आणि सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेतली आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन दिले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. पण कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अपंग झालेल्याची सोय व्हावी, हीही मागणी त्यात होती. महाराष्ट्राच्या कामगार चळवळीने सुरक्षेचा विचार आरंभापासून केला, हे आपण विसरता कामा नये.

१९४८ चा कायदा तपशिलात किती खोल गेला होता, ते पाहा. चालू यंत्राजवळ तेल देणे, पट्टा बदलणे अशी कामे खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच करायची, त्याचे नाव रजिस्टरमध्ये हवे आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे त्याला कारखान्याने द्यायचे, असे कलम २२ सांगत होते. कलम २३ अठरा वर्षांखालच्यांसाठी. धोकादायक यंत्रावर त्यांना उभे करण्याआधी धोके आणि खबरदारी पूर्ण समजावून सांगायची. शिवाय पुरेसे प्रशिक्षण झालेले हवे, नाहीतर यंत्राची पूर्ण माहिती आणि अनुभव असलेल्या माणसाची देखरेख हवी. पण अठरा पूर्ण झाले म्हणून रातोरात कोणाचा हात सराईत होत नाही. कलम २३ मधली काळजी वयाशी बांधली गेली; ती नवखेपणाशी बांधायला हवी होती.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कलम ७ए आले आणि माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख देणे हे कारखान्याच्या ताबेदाराचे कर्तव्य ठरले. हा ताबेदार कोण, यावरही पळवाट राहिली नाही. कंपनीचा कारखाना असेल तर संचालकांपैकीच एक जण ताबेदार, मॅनेजरच्या गळ्यात ती माळ घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सांगितले. त्याच १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला सुरक्षेची माहिती आणि प्रशिक्षण मागण्याचा हक्क कलम १११ए मध्ये दिला.

शिकाऊ उमेदवाराचे मात्र काय झाले? प्रशिक्षणार्थी कायद्याचे कलम १८ म्हणते, हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कलम १४ म्हणते, आरोग्य, सुरक्षा आणि कल्याण यांबाबत कारखाने कायद्याची तिसरे, चौथे आणि पाचवे ही प्रकरणे त्याला कामगाराप्रमाणेच लागू. कलम १६ प्रमाणे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. यंत्राचे कुंपण त्याला मिळाले, भरपाईही मिळाली. पण ७ए आणि १११ए ही कलमे त्या तीन प्रकरणांत नव्हती. प्रशिक्षण मागण्याचा हक्क ज्याला सर्वांत आधी हवा, त्याच्या कायद्यात तोच स्पष्ट लिहिलेला नाही. इंटर्न आणि योजनांमधून आलेली मुले तर या कायद्याच्याही उंबऱ्याबाहेर उभी आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० लागू झाली आणि तेरा जुने कायदे तिच्यात सामावले गेले. तिच्यात चांगले पुष्कळ आहे. नेमणूकपत्र सक्तीचे झाले. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा एक हजार कामगारांवरून पाचशेवर आणि घातक प्रक्रियांसाठी अडीचशेवर आली. कर्तव्य टाळल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख दंड, किंवा दोन्ही. आणि त्या दंडाचा निम्मा तरी भाग कुटुंबाला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असतील तरच ती फॅक्टरी. अंबडच्या बारा माणसांच्या गाळ्यात सुरक्षा अधिकारी येणार नाही आणि नवखा मुलगा तर तिथेच आहे. छोट्या गाळ्याची जबाबदारी त्याच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने उचलली पाहिजे. सुट्या भागाचा मायक्रॉन तपासायला तुमचा माणूस व्हेंडरकडे जातो. त्याने जाता जाता प्रेसची दोन बटणेही तपासावीत.

हा विषय केवळ कारखान्यापुरता नाही. १० ऑक्टोबर २०२४ रोजी इथे नाशिकमध्ये तोफखान्याच्या प्रशिक्षणात गोळा फुटून विशीतले दोन अग्निवीर गेले. लष्कराने चौकशी नेमली. सैन्याला कारखान्यांचा कायदा लागू नाही, आणि युद्धाचे शिक्षण जोखमीशिवाय होत नाही, हे मला मान्य आहे. पण ती मुले अजून शिकत होती. शिकणाऱ्याने जोखीम पत्करली, असे म्हणण्याआधी ती जोखीम मोजायची क्षमता त्याच्याकडे होती का, हे विचारावे लागते. ती क्षमता शिकवणाऱ्याकडे असते, म्हणून जबाबदारीही त्याच्याकडे जाते. १९९५ मध्ये पंजाबात एका शाळेची चौदा मुले सहलीत बियास नदीत बुडाली. त्या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेला जबाबदार धरले आणि पालकांची भरपाई कायम केली. शाळेची सहल असो की शॉपफ्लोअर, ज्याच्या भरवशावर मूल घराबाहेर पडते, त्याला हात झटकता येत नाहीत.

आता आपल्या घरचे. आपल्यापैकी बहुतेकांकडे इंडक्शनची फाईल असते. पहिल्या दिवशी नव्या मुलांना एका खोलीत बसवतात, अर्धा तास स्लाइड दाखवतात आणि इंग्रजी फॉर्मवर सह्या घेतात. ऑडिटला ती फाईल चकचकीत दिसते. पण सुरगाणा-पेठकडून आलेल्या मुलाची बोली कोकणा, बागलाणच्या मुलाची अहिराणी, आणि बिहारहून आलेल्याची भोजपुरी. सही झाली याचा अर्थ त्याला कळले असा नाही. इगतपुरीजवळ मुंढेगावला पॉलिफिल्मच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी भीषण आग लागली, कामगारांचे जीव गेले; मे २०२५ मध्ये तिथेच पुन्हा मोठी आग लागली. अशा वेळी धुरात दार शोधणाऱ्याला फाईल उपयोगी पडत नाही. आधी दोनदा त्या दारापर्यंत चालत गेलेले पाय उपयोगी पडतात.

म्हणून या परिषदेने काही गोष्टी ठरावाच्या रूपाने मांडाव्यात, अशी माझी सूचना आहे. प्रत्येक शिकाऊमागे एका अनुभवी माणसाचे नाव लिहिलेले असावे, आणि त्या माणसाचे स्वतःचे टार्गेट तेवढ्या काळापुरते कमी करावे. दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत. पहिले काही आठवडे शिकाऊला उत्पादनाच्या आकड्यात धरू नये. प्रशिक्षणाचा पुरावा सही नसून करून दाखवणे असावा: मुलाने मशीन थांबवून दाखवावे, गार्ड कुठे आहे ते दाखवावे, धोका त्याच्या बोलीत सांगावा. आयटीआयच्या निदेशकांना मुलांच्या कारखान्यात जाऊन पाहण्याचा वेळ आणि अधिकार मिळावा. आणि राज्य सरकारला आपले निवेदन असावे, की संहितेखालच्या नियमांत अॅप्रेंटिस, इंटर्न आणि योजनांतले प्रशिक्षणार्थी यांची नावे स्पष्ट घ्या आणि माहिती व प्रशिक्षण मागण्याचा हक्क त्यांना लेखी द्या.

उद्योजक मित्रांना शेवटचे सांगतो. नवखा मुलगा ‘साहेब, हे मला अजून येत नाही’ असे म्हणाला, तर त्याचा खाडा मांडू नका आणि ठेकेदाराला तो मांडू देऊ नका. जिथे नवख्याला थांबा म्हणता येत नाही, तिथे बाकी सगळी सुरक्षा कागदावरची आहे. आणि मागच्या रांगांतल्या शिकाऊ मुलामुलींनो, गार्ड नसलेल्या मशीनवर उभे राहायला नकार द्या. त्या नकाराच्या मागे आम्ही सगळे उभे राहू, असा शब्द या व्यासपीठावरून मी देतो, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने तो द्यावा, अशी विनंती करतो.