रुग्णाचा देह आणि रुग्णाचा हक्क

(वर्षावासातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



विहारात वकिलाने वैद्यकीय संशोधनावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. मला नाडी कळत नाही. मला कागद कळतो. परंतु आजच्या इस्पितळात रोग्याच्या देहाची वाट कागदावरून जाते, आणि त्या कागदावर आपला माणूस न वाचता अंगठा उमटवितो. म्हणून हा विषय मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतो. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या लेखनात १९२९ साली ‘यंग इंडिया’त आलेले एक पत्र दिले आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, आणि तोही रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. दोन दिवसांच्या मुलासह त्या बाळंतिणीला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा त्याने येण्याचे नाकारले. ती बाई मरण पावली.

त्या डॉक्टरजवळ विद्या होती, उपकरण होते, औषधही होते. समोरचा देह माणसाचा आहे ही जाणीव तेवढी त्याच्यापाशी नव्हती. आज घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. आज इस्पितळात आपल्याला हात लावतात, रक्त काढतात, सुई टोचतात, कधी नवे औषधही देऊन पाहतात. पण हे सारे करताना आपल्याला विचारतात काय? स्पर्श नाकारणारा डॉक्टर आणि न विचारता प्रयोग करणारा डॉक्टर, या दोघांच्याही लेखी रोगी हा पूर्ण माणूस ठरत नाही. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की मी संशोधनाचा विरोधक आहे. अंगारा, गंडादोरा आणि पूर्वजन्मीचे पाप यांच्या तावडीतून आपण ज्या दिवशी सुटलो, त्या दिवशीच आपण प्रयोगाचा आणि प्रमाणाचा मार्ग पत्करला. भगवान बुद्धांनी आपला धम्म ‘एहिपस्सिको’ म्हटला आहे. या आणि स्वतः पडताळून पाहा, असे आवाहन त्यात आहे. एखादे औषध गुणकारी आहे हे एका वैद्याच्या शब्दावरून मानता येत नाही. म्हणून रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करतात, एकाला नवा उपचार व दुसऱ्याला जुना देतात, आणि काही काळाने दोहोंची तुलना करतात. या पद्धतीने गरिबांचे किती हित झाले, त्याचे एक उदाहरण पाहा.

ज्या १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा झाली, त्याच साली मद्रासला क्षयरोगावर एक चाचणी सुरू झाली. त्या काळी क्षय झालेल्या माणसाला सॅनिटोरियमची मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हवाच, असे मानीत. गिरणीतल्या मजुराला हे कोठून मिळावे? मद्रासच्या संशोधकांनी शहरातील गरीब, दाटीच्या वस्तीतील १९३ क्षयरोगी घेतले. काहींना सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना त्यांच्या खोल्यांतच राहू दिले. औषधे दोघांना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सॅनिटोरियममधल्यांना अन्न चांगले होते, विश्रांती अधिक होती; तरीही घरी राहिलेल्यांचा गुण जवळजवळ तेवढाच होता. घरातील माणसांना अधिक लागण झाली असेही आढळले नाही. औषध नियमित मिळाले तर झोपडीतला क्षयरोगी झोपडीत बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले. श्रीमंतीशिवाय क्षय बरा होत नाही हा समज एका तुलनेने पुसून टाकला. जगभरच्या क्षयोपचाराची दिशा त्यामुळे बदलली.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळच्या रोगाचे आहे. विदर्भातील बौद्ध, अनुसूचित जातींच्या आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. हा कोणाच्या पापाचा भोग नव्हे, आणि जातीचा कलंकही नव्हे. मलेरियाच्या प्रदेशात ज्यांच्या अंगी या दोषाचा एकच अंश होता ते मलेरियापासून अधिक बचावले, म्हणून आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ आणि मध्य भारत येथे तो टिकून राहिला. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. हे रक्ताच्या साध्या तपासणीने आधी कळू शकते.

या रोगाच्या लहान मुलांना साधा संसर्गही प्राणघातक ठरे. अमेरिकेत २१५ मुलांवर चाचणी झाली. काहींना दिवसातून दोनदा पेनिसिलिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. पेनिसिलिन घेणाऱ्यांत गंभीर संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटले. उत्तर इतके स्पष्ट दिसू लागले की संशोधकांनी ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच चाचणी थांबविली, आणि १९८६ साली निष्कर्ष जगापुढे ठेवला. उत्तर हाती आल्यावर मुलांना निर्गुण गोळीवर ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे त्यांनी ओळखले. ही ‘थांबविण्याची’ गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची हकीकत याच्या उलट आहे.

त्याच अमेरिकेत, अलाबामा राज्यातील मेकन परगण्यात, टस्कीगी येथे १९३२ साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० निग्रो शेतमजूर व कुळे त्यात होती. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. तुमचे रक्त खराब आहे, त्यावर आम्ही उपचार करतो, असे त्यांना सांगितले. खरा हेतू उपचार न करता रोग माणसाला कसा पोखरतो ते पाहण्याचा होता. पाठीच्या कण्यातून पाणी काढीत, आणि ही खास मोफत चिकित्सा आहे असे सांगत. फुकट जेवण देत, मूठमातीचा खर्च देत. मोबदल्यात मृतदेहाची चिरफाड करू द्यावी लागे. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन हे उपदंशाचे रामबाण औषध ठरले. तेही त्यांना मिळू दिले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांनी बोभाटा केला तेव्हा, चाळीस वर्षांनी, हा अभ्यास बंद पडला.

त्या माणसांच्या बाजूने न्यायालयात उभा राहिलेला वकील फ्रेड ग्रे हा होता. माँटगोमेरीच्या बसगाडीत जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचाही तोच वकील. बसमधली जागा आणि इस्पितळातली संमती हे एकाच लढ्याचे दोन खटले होते, हे त्याच्या आयुष्यावरून कळते. १९७४ साली एक कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. बहुतेकांना ती ऐकता आली नाही. ते तोवर मेले होते.

आता आपल्या महाराष्ट्रात या. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठा अभ्यास झाला. खेड्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांच्या समूहांप्रमाणे चार गट केले. तीन गटांना तीन प्रकारच्या तपासण्या, आणि चौथा गट तुलनेसाठी. त्याला तपासणी नव्हती, नेहमीची जी आरोग्यसेवा असेल तीच. आठ वर्षांनी हिशेब झाला. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदा केली, त्यात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या; चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेली तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे २००९ साली जगाला कळले. गरीब देशांतील तपासणीच्या धोरणांना या अभ्यासाचा मोठा आधार मिळाला.

हे ज्ञान मोलाचे आहे. पण त्या चौथ्या गटातील स्त्रिया कोण होत्या? आपल्याच आया-बहिणी, रोजंदारीवर जाणाऱ्या. टीकाकारांनी विचारले की, तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांत पूर्वीच ठाऊक असताना हा गट तपासणीवाचून का ठेवला? संशोधकांचे उत्तर असे की, त्या भागात तपासणीची सोय मुळातच नव्हती. आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. दोन्ही बाजूंत विचारी माणसे आहेत, आणि संशोधकांना टस्कीगीच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. तथापि वकील म्हणून मला त्या उत्तरात एक खोच दिसते. ‘तेथे काहीच नव्हते’ हे वाक्य संशोधकाच्या बचावाचे असेल. शासनावर मात्र तो आरोप आहे. घटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य न केल्यामुळे गरिबाचे गाव तुलनेसाठी सोयीचे ठरावे, ही स्थिती आपण निमूटपणे मान्य करावी काय?

आता कायद्याकडे येतो. हिटलरच्या डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता झाली. माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीवाचून प्रयोग नाही, हे तिचे पहिलेच तत्त्व आहे. १९६४ साली जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्या देशात औषध-चाचण्यांतील बेबंदशाहीविरुद्ध २०१२ साली स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि नियम कडक होऊ लागले. आज नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे नियम लागू आहेत. त्यांनी तुम्हाला दिलेले हक्क पाठ करून ठेवा.

चाचणीची माहिती तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. माहितीपत्राची आणि संमतीपत्राची प्रत तुमच्या हाती आली पाहिजे. वाचता येत नसेल तर संमतीच्या संपूर्ण वेळी एक निःपक्ष साक्षीदार हजर पाहिजे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते. चाचणीवर एथिक्स कमिटीची देखरेख असते. तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्या सामान्य नागरिकाच्या खुर्चीवर आपल्या वस्तीतील माणूस का असू नये?

पण कायदा पुस्तकात असणे आणि खाटेजवळ असणे यांत अंतर आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. तिच्या मुलाला एका इस्पितळात नव्या औषधाच्या चाचणीत घेतले होते. कागद इंग्रजी, शेवटच्या पानावर तिचा अंगठा, आणि साक्षीदार म्हणून तेथल्याच एका नोकराची सही. ती त्या कागदाला औषधाची पावती समजत होती. मी विचारले, ‘बाई, दावा लावायचा काय?’ ती म्हणाली, ‘नको साहेब, औषध बंद करतील. पोराला काय देतात तेवढं फक्त मला सांगा.’

मी पत्र लिहिले. मग तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्याजवळ बसून सारे मराठीतून समजावून दिले. तिने दोन-तीन प्रश्न विचारले आणि मुलाला चाचणीत राहू दिले. त्या खोट्या साक्षीदाराविषयी मी कमिटीकडे तक्रार केली नाही, कारण तिला भीती वाटत होती. तिच्या भीतीचा मान राखला असे मी मनाशी म्हणतो. पण तिच्यामागून त्या खाटेवर कोण आले असेल, या विचाराने आजही मला अपराधी वाटते. ती चूक आपण करू नये म्हणून ती येथे सांगितली.

महावग्गात एक कथा आहे. अतिसाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याला धुतले आणि उचलून खाटेवर ठेवले. पुढे त्यांनी रुग्ण कसा असावा आणि शुश्रूषा करणारा कसा असावा, हेही भिक्खूंना सांगितले. रुग्णाने आपला आजार लपवू नये. शुश्रूषा करणाऱ्याने ती लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने करावी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या उपदेशात दोघांनाही कर्तव्ये आहेत. आपल्या वाट्याचे कर्तव्य सत्य सांगण्याचे आहे, आणि समोरच्याकडून सत्य मागण्याचेही आहे.

म्हणून माझी विनंती अशी. प्रत्येक विहारात शिकलेल्या तरुण-तरुणींपैकी दोघांनी हे काम पत्करावे की, वस्तीतील कोणाही रोग्याला असा कागद मिळाला तर तो त्यांनी वाचून दाखवावा आणि गरज पडल्यास साक्षीदार म्हणून जवळ उभे राहावे. सिकलसेलची तपासणी आली तर पळू नका. तपासून घ्या, आणि वाहक निघालेल्या मुलीची सोयरीक मोडू नका. चाचणीला सरसकट नाही म्हणू नका, सरसकट होयही म्हणू नका. विचारा: औषध कोणते, धोका कोणता, पैसा कोणाचा, इजा झाल्यास जबाबदार कोण? उत्तर समजेपर्यंत अंगठा खिशात ठेवा.

जय भीम!