फिर्याद लिहिता आली पाहिजे

लेकहो, १९२७ ला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भांडलेली ही अमरावती. अकोल्याचीही पोरं समोर आहेत. विचारता, मानवी हक्कांत एलएल.एम. करून काय शिकलास? फिर्याद लिहायला! जाहीरनामे पाठ होते, पण ठाण्यात ते कोण ऐकतो?

खैरलांजी २००६ ची. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं खुनाची शिक्षा दिली, अॅट्रॉसिटी लावली नाही. सूड म्हणे, जात नाही! म्हणून सांगतो, जातीवरची शिवी जशीच्या तशी लिहा. शरमू नका. जागा लिहा, कोण कोण ऐकत होतं ते लिहा. अॅट्रॉसिटीचं कलम ४ बघा : तोंडी फिर्याद सहीआधी वाचून दाखवायची. मुद्दाम टाळणाऱ्या बिगरदलित सरकारी नोकराला किमान सहा महिने कैद. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतल्याशिवाय बाकावरून उठायचं नाही.