दोन बाजूंची ओढ
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



टेबलावरील पुस्तक स्थिर का आहे, असे चौथीच्या वर्गात विचारले की बहुतेक मुले म्हणतात, "त्याला कोणी जोर लावत नाही म्हणून." उत्तर चुकीचे खरे, परंतु ते आळसाचे नव्हे, डोळ्यांना दिसते तेच मूल सांगते. त्याला गप्प बसविले, तर ते पुढे विचार करणे सोडून केवळ पाठांतर करू लागते. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल तितक्याच बलाने वर रेटते, हे फळ्यावर बाण काढून पटणारे नाही. पुस्तक मुलाच्या पसरलेल्या तळहातावर ठेवावे. त्यावर दुसरे, तिसरे ठेवावे. हात हलत नाही, पण दंड भरून येतो. स्थिर राहण्यासही बल लागते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

रस्सीखेच तर प्रत्येक शाळेत होते. दोराच्या मध्यावर रुमाल बांधावा. दोन्ही बाजू घामाघूम होऊनही रुमाल जागचा हलत नाही, तेव्हा विचारावे : येथे बल नाही काय? नंतर एका बाजूचा गडी कमी करावा. रुमाल सरकला की असंतुलित बलाची व्याख्या मुलेच करतील. व्याख्या आधी लिहून देण्याची आपली जुनी सवय येथे आवरलेली बरी.

वरच्या वर्गांना ऑटो फॉन गेरिके यांचा प्रयोग अवश्य सांगावा. १६५७ साली जर्मनीतील माग्देबुर्ग येथे, आतील हवा काढून जोडलेले दोन अर्धगोल ओढण्यास त्यांनी दोहों बाजूंस आठ-आठ घोडे जुंपले. देखावा भव्य झाला. परंतु एका बाजूचे आठ घोडे सोडून तेथे भक्कम भिंत असती, तरी ताण तेवढाच पडला असता!

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने सरळ जाणाऱ्या बैलगाडीवरील बलेही संतुलितच असतात. बैलांची ओढ आणि घर्षणादी विरोध समसमान. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेली ही गोष्ट प्रौढांनाही सहजी पटत नाही. चौथीत तिचा आग्रह नको.

पंचायतीकडे मागणे थोडे आहे : एक जाड दोर आणि स्प्रिंगचे दोन ताणकाटे. काटे एकमेकांत अडकवून दोघांनी ओढले की दोहोंवर एकच आकडा येतो. तो मुलांनी स्वतः वाचावा. हाताळताना काटा बिघडला तर दुसरा घेऊन द्यावा. तो कपाटात कुलूपबंद मात्र ठेवू नये.