शर्यतीकडे पाठ फिरवलेले घोडे



आज पडद्यावर एकच चित्र ठेवणार आहे. एदगार देगाचं, १८६९ सालचं, सध्या अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात असलेलं. इथं ते भिंतभर दिसतंय, म्हणून आधीच सांगतो: मूळ चित्र उंचीला साडेछत्तीस सेंटिमीटर आणि रुंदीला जेमतेम छप्पन. वर्तमानपत्राचं पान आडवं धरावं, एवढंच.

नाव आहे ‘गावाकडच्या शर्यतीत’. आता शर्यत शोधा बरं! पार मागे, माळावर, इवलेसे स्वार दिसतात तेवढेच. पुढे बग्गी थांबलीय. हाकणाऱ्याच्या जागेवर उंच हॅट घातलेला पॉल व्हाल्पँसाँ, देगाचा शाळासोबती. मागे त्याची बायको, दूध पाजणारी दाई, आणि दाईच्या मांडीवर तान्हा आंरी. बाळ पिता पिता झोपलंय. बाप वळून त्याच्याकडे बघतोय, आणि बुलडॉगसुद्धा. शर्यतीत कोणालाच रस नाही, घोड्यांना तर नाहीच.

या घोड्यांचे पाय बघा. चौकटीनं खालून सरळ छाटलेत, बग्गीचं चाकही कापलंय. जाणकार म्हणतात, हे देगानं फोटोवरून उचललं. मला ते पटत नाही. १८६९ साली फोटो म्हणजे तिकाटणं, ओल्या काचा आणि ‘हलू नका’ अशी तंबी. हातातल्या कॅमेऱ्यानं चटकन टिपलेलं, कडेला कापलं गेलेलं दृश्य लोकांच्या हाती आलं ते कोडॅक कॅमेऱ्यानंतर, म्हणजे १८८८ नंतर. जपानी छापचित्रं मात्र तेव्हा पॅरिसमध्ये मिळत होती, आणि त्यांत अशी कापाकापी सर्रास असे. श्रेय द्यायचंच तर तिकडे द्या.

हे चित्र १८७४ च्या पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात होतं, मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रासोबत. पण उघड्यावर ईझल मांडून रंगवणं देगाला मुळीच मान्य नव्हतं, आणि ‘इंप्रेशनिस्ट’ ही पाटीही त्याला नकोशी होती. नॉर्मंडीत व्हाल्पँसाँच्या वाडीवर तो राहायला जाई, जवळच्या ल पँ इथली घोड्यांची सरकारी पागा त्यानं बघितली होती. बघायचं तिथं, रेखाटायचं, आणि चित्र जुळवायचं स्टुडिओत. म्हणजे ही मोकळी हवा, हे फिकट, अर्ध्याअधिक चित्रभर पसरलेलं आकाश, सगळं चार भिंतींत रचलेलं आहे. तरीही त्यात गुदमरल्यासारखं होत नाही, ही त्याची करामत.

आता पुन्हा घोड्यांच्या पायांकडे येऊ. धावणाऱ्या घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून मोकळे होत. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजच्या फोटोंनी दाखवलं, की चारही पाय अधांतरी असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. देगानं ते फोटो पुढे बारकाईनं अभ्यासले, त्यांवरून रेखाटनंही केली. पण या चित्रातले उभे घोडे रंगवायला त्याला मायब्रिज लागला नव्हता.